न फिरणारी मूठ

माझ्या दुकानात सुरी घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी मागच्या अंगणात नेतो. तिथे बर्चचा एक जाड ओंडका पडलेला आहे. त्यावर त्याने माझ्या देखत ढलप्या फोडायच्या, एका काडीची बारीक सालपटं काढून विस्तव पेटवायचा, मासा साफ करायचा, आणि शेवटी हातात जाड मोजे घालून सुरी म्यानातून काढून परत आत घालायची. एवढं झालं की मी विचारतो, तळहात दुखला का. दुखला असेल तर ती सुरी त्याला देत नाही, दुसरी हातात देतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. उन्हाळ्यात दक्षिणेकडून येणारे पाहुणे याला फार वैतागतात. त्यांना रानात दोन रात्री काढायच्या असतात आणि सुरी हवी असते अस्वलाशी लढायची. पाठीला करवतीचे दात, मुठीत होकायंत्र. असली सुरी पेट्रोल पंपावर मिळेल असं सांगून मी त्यांना दार दाखवतो. बायको होती तोवर म्हणायची, साम्मोल, तुझा धंदा सुऱ्या करायचा आहे की गिऱ्हाईकं हाकलायचा. मी दोन्ही करतो. इथे उत्तरेच्या टोकाला, उत्स्योकीच्या रस्त्यावर, अडतीस वर्षं हेच करत आलोय आणि उपाशी मेलो नाही.

हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी, की सुरी कशी निवडावी हे आपल्याला कळतं असा माझा मोठा ताठा होता. राव्दनाने तो उतरवला.

ती आली मार्चमध्ये, बर्फ कंबरेइतकं असताना. राव्दना आणि तिचा थोरला भाऊ ऊला आमच्या संघात रेनडिअर पाळतात. आईबाप गेल्यावर दोघांनीच कळप सांभाळला. ऊलाला बायको, दोन मुलगे, राव्दना एकटी. नोव्हेंबरात कळप आत घेताना तिने एका मोठ्या नराच्या शिंगात फास टाकला, नर उधळला, आणि दोराचा वेढा तिच्या उजव्या अंगठ्याभोवती राहून गेला. अंगठा मुळापासून गेला. आमच्याकडे हे काही नवीन नाही. गावात अशा हाताची आणखी तीन माणसं आहेत. पण त्या तिघांनी पुढे जनावरं सोडली; एक तर आता टपालाची गाडी चालवतो.

राव्दनाने मोजा काढून हात माझ्या टेबलावर ठेवला. जखम भरली होती, कातडी अजून गुलाबी होती. कॉफी घे म्हटलं तर नको म्हणाली.

"काका, या हातात फिरणार नाही अशी सुरी पाहिजे."

"कशासाठी?"

"पाडसांचे कान कापायला. जुलैत."

आमच्यात प्रत्येकाची एक खूण असते आणि ती संघाच्या वहीत लिहिलेली असते. पाडसाच्या कानांवर जी खूण कापली जाईल त्या खुणेच्या माणसाचं ते पाडस, मग ते आईच्या मागून कुठेही फिरो. ऊलाची खूण दोन कापांची आहे. आळशी माणसाची खूण म्हणून आम्ही त्याला लहानपणापासून चिडवत आलोय. राव्दनाची सात कापांची. डाव्या कानाच्या टोकाला दुभंग, तो दोन कापांनी निघतो, आणि खाली एक खाच. उजव्या कानाचं टोक उडवायचं, पुढच्या कडेला एक खाच, मागच्या कडेला दोन, आणि त्या दोहोंच्या मध्ये नखाएवढा कान शिल्लक ठेवायचा. पाडस जिवंत, लाथा झाडणारं, आणि कान जेमतेम बोटभर. धड हातालाही हे शिकायला दोन उन्हाळे लागतात. ही खूण तिला बाप्तिस्म्याच्या वेळी तिच्या धर्ममातेने दिली होती. ती बाई आता नाही, त्यामुळे ही खूण जगात फक्त राव्दनाच्या जनावरांच्या कानांवर आहे.

फेब्रुवारीत संघाच्या झोपडीत सगळे कॉफी पीत बसलेले असताना ऊला म्हणाला होता, यंदा हिची पाडसं मी कापतो, पुढच्या वर्षीपासून सगळ्यांनाच माझी खूण लावू, उगाच दोन खुणांचा घोळ कशाला. प्रेमाने म्हणाला होता, आणि प्रेमाने बोलणाऱ्याला उलटून काय बोलणार. राव्दनाने कपातली कॉफी संपवली, कप धुऊन जागेवर ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, जुलैत मी माझ्या हाताने कापीन. नाही जमलं तर माझी खूण वहीतून काढून टाका. रागात बोलली असावी असं मला तेव्हा वाटलं होतं. पण आता ती माझ्यासमोर तो हात ठेवून बसली होती, तिचा आवाज शांत होता, आणि राग त्यात कुठेच नव्हता.

मी कामाला लागलो. पहिली सुरी नेहमीसारखीच केली, गोलसर पोटाची मूठ, फक्त थोडी जाड. तिने चार बोटांनी धरली, ओंडक्यावर लाकडाची एक ढलपी काढायला गेली आणि मूठ हातातल्या हातात फिरली. अंगठा काय करतो हे मी आयुष्यभर सुऱ्या करूनही कधी नीट पाहिलंच नव्हतं. तो मूठ फिरू देत नाही, एवढंच त्याचं काम, आणि तेच तर सगळं काम. दुसरी आणखी जाड केली, तीही फिरली. तिसऱ्या सुरीला मी हाताच्या मागून जाणारा कातडी पट्टा लावला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तिने पट्टा पाहिला आणि सुरी म्यानातही न घालता परत माझ्यापुढे सरकवली.

"जी वेळेला टाकता येत नाही ती मला नको," ती म्हणाली. "हाताला बांधलेलं आता काही नको."

मला लाज वाटली. ज्या हाताने दोराच्या वेढ्यात अंगठा घालवला त्या हातासाठी मी दुसरा वेढा करून ठेवला होता.

डाव्या हाताने करून बघ असं मीच सुचवलं. तिने केलंही, पंधरा दिवस. गावातल्या दुकानात कुत्र्यांना चघळायला डुकराचे वाळके कान मिळतात. तिने सगळेच्या सगळे उचलले, पाण्यात भिजवले आणि माझ्या अंगणातल्या फळीवर ठोकून कापत बसायची. माझा कुत्रा चाप्पे शेजारी बसून वाट बघायचा आणि खराब झालेले कान गट्ट करायचा. त्या पंधरा दिवसांत तो इतका फुगला की त्याला जिना चढवेना. डाव्या हाताचे काप तसे सरळ येत, पण घाई झाली की उजव्या कानाची खूण डाव्यावर पडायची आणि डाव्याची उजव्यावर, आरशात पाहिल्यासारखी. आणि ती आरशातली खूण नदीपलीकडच्या एका घराची आहे. त्या लोकांना फुकट पाडसं वाटत सुटण्यापेक्षा खूण वहीतून काढलेली बरी, असं ती म्हणाली. त्या नोव्हेंबरानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. डावा हात आम्ही सोडून दिला.

मे महिन्यात नदीचं बर्फ फुटत असताना ऊला आला. दारातच उभा राहिला. बस म्हटल्यावर बसला, पण कॉफीला हात लावला नाही.

"काका, तिला सांगा जमत नाही म्हणून."

"जमेल. अजून एकदोन सुऱ्या लागतील."

"जमेल, आणि जुलैत सगळ्यांसमोर फसेल. मग काय करेल ती? तुम्ही नाही म्हणालात तर ती ऐकेल. नाहीतर द्या कशीबशी एक करून, आपोआप सोडून देईल." मग खाली बघत म्हणाला, "सोडू नकोस म्हणून मीच ओरडलो होतो तेव्हा. दोर तिच्या हातात होता आणि मी कुंपणावर उभा राहून ओरडत होतो."

त्याच्यासाठी जीव तुटला माझा, खोटं कशाला बोलू. पण कशीबशी एक करून द्या हे शब्द माझ्या डोक्यात गेले. मुद्दाम वाईट सुरी मी कुणा वैऱ्यालाही दिलेली नाही. मी त्याला चालता हो म्हणालो आणि तो मुकाट्याने गेला.

सुरी जमली ती आठवी. पातं आखूड, मधल्या बोटाएवढं, टोकाकडे निमुळतं. मूठ गोल केलीच नाही, चपटी आणि रुंद ठेवली, चारही बोटांना वेगवेगळी बैठक, आणि मागचं टोक वाकवून तळहाताच्या गादीत रुतेल असं केलं. लाकूड बर्चच्या गाठीचं. कानशीचे ओरखडे तसेच राहू दिले, अगदी खरबरीत. दिसायला ओबडधोबड, एखाद्या रागावलेल्या माणसाने घाईत केल्यासारखी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात राव्दनाने त्या सुरीने वीस कान कापले, पाण्याची बादली शेजारी ठेवून, हात पुन्हा पुन्हा ओला करून. विसातले वीस बरोबर आले.

"हीच," ती म्हणाली. "आता हिला हात लावू नका, काका."

म्यान शिवायचं राहिलं होतं म्हणून सुरी तीन दिवस माझ्याकडे राहिली. तिथेच घात झाला. म्यान मी सुरेख शिवलं, शिंगाचा तुकडा बसवून त्यावर नक्षी कोरली. मग सुरी त्यात घातली आणि वर ती मूठ दिसली, ओरखड्यांनी भरलेली, तिच्या बुडाशी माझ्या नावाचं डागलेलं अक्षर. सगळा संघ ही मूठ बघणार. साम्मोल म्हातारा झाला, हात गेले त्याचे, म्हणणार. मी बारीक पॉलिश कागद घेतला, नुसती कुसळं काढायची म्हणून. मग त्याहून बारीक घेतला. मग जवसाचं तेल चोळलं. गाठीतल्या रेषा वर आल्या, मधाच्या रंगाच्या. इतकं देखणं लाकूड माझ्या हातून वर्षानुवर्षं झालं नव्हतं. मी ते खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत बसलो.

पाडसांच्या दिवशी सकाळपासून पाऊस भुरभुरत होता. असा गार दिवस या कामाला चांगला, जनावरं तापत नाहीत. मोठ्या कुंपणात कळप गोल गोल फिरत होता आणि सगळं गाव चिखलात उभं होतं. मी राव्दनाला म्यान दिलं. तिने सुरी काढली, मूठ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. बोलायला वेळ नव्हता. ऊलाच्या थोरल्याने पहिलं पाडस धरून आणलंच होतं.

तिची तेवीस पाडसं होती त्या दिवशी. पहिलं तिने गुडघ्यांत धरलं. डावा कान सुरेख झाला, तीन काप, तीन श्वासांत. सुरी दातांत धरून तिने पाडसाचं डोकं वळवलं, उजव्याचं टोक उडवलं, पुढची खाच घेतली, मागची पहिली घेतली. मुठीवर पाऊस आणि रक्त दोन्ही होतं. मागच्या दुसऱ्या खाचेला पाडसाने झटका दिला आणि मला इतक्या लांबूनही दिसलं की मूठ फिरली. पातं घसरलं. दोन खाचांमधला तो नखाएवढा कान उडाला आणि दोन्हींची मिळून एकच खाच झाली.

मागे एकच खाच ही आंदरासची खूण. आंदरास म्हणजे तिच्या धर्ममातेचा भाऊ, एक्याऐंशी वर्षांचा. एकाच घरातल्या खुणा, म्हणून तेवढ्या एका खाचेचाच फरक. कुंपणाशी कुणीतरी हळूच म्हणालं, वरून अजून जरा उडवलं तर. त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही. कापलेली खूण पुन्हा कापणाऱ्याला आमच्यात चोराच्याही खाली जागा आहे.

राव्दनाने पाडस सोडलं. "आंदरासकाका, हे तुमचं," ती म्हणाली. म्हातारा कुंपणाला टेकून उभा होता. यंदा त्याची दोन्ही पाडसं गरुडाने नेली होती. त्याने टोपी काढली, परत घातली, आणि बरं म्हणाला. नको म्हणाला असता तर तिचा अपमान झाला असता, हे त्याला कळत होतं.

ऊला माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. माझ्याकडे न बघता अगदी हळू म्हणाला, "म्हणजे ऐकलंत तुम्ही माझं."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. मी मुद्दाम केलं असं त्याला वाटत होतं. आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. आपण मागितलं ते मिळालं म्हणून तो मला आणि स्वतःला, दोघांनाही शिव्या घालत असावा. मी सहासष्ट वर्षांचा आहे, गुडघे कामातून गेलेत, पण मी ते कुंपण चढलो. पलीकडे चिखलात पडलो, उठलो आणि तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. मोठ्याने बोललो, ऊलाला ऐकू जावं म्हणून, सगळ्यांनाच ऐकू जावं म्हणून.

"राव्दना, मूठ मी घासली. तेल लावलं. लोकांनी बघावं म्हणून. तुझा हात चुकला नाही."

शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तिने फक्त सुरी पुढे केली.

"मग परत खराब करा."

मी कमरेची सुरी काढली. तिथेच गुडघ्यावर बसून त्या मुठीवर आडवे उभे घाव घालायला लागलो. मधाच्या रंगाच्या त्या रेषा पहिल्या चारपाच घावांतच गेल्या. मी हात थांबवला तर ती म्हणाली, अजून. पुन्हा थांबलो तर पुन्हा अजून. बुडाशी डागलेलं माझं अक्षर गेलं तेव्हा कुठे तिने सुरी घेतली, ओल्या वाळूत घोळली, मुठीत आवळून मनगट दोन्हीकडे वळवून पाहिलं. दोन बायका हसत होत्या. हसू देत. माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली मूठ मी माझ्या हाताने मोडली होती आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं की सुरी बघायची वस्तू नाही.

"पुढचं आणा," राव्दना म्हणाली.

त्यानंतर मी मोजायचं सोडून दिलं. संघाचा माणूस प्रत्येक पाडसाचे कान चाचपून बघायचा आणि मान हलवायचा. ती जेवायला थांबली नाही. कुणीतरी सुक्या मांसाची पट्टी तिच्या तोंडात दिली, ती चावत चावत तिने पुढचं पाडस घेतलं. दुपार कलली तोवर त्या खरबरीत मुठीने तिच्या तळहाताची कातडी सोलून काढली होती, आणि मुठीवरचं रक्त पाडसाचं किती आणि तिचं किती हे सांगता येत नव्हतं. पण मूठ एकदाही फिरली नाही.

शेवटचं पाडस उरलं तेव्हा ऊला आत आला. त्याच्या हातात त्याची सुरी होती.

"एवढं एक मी करतो," तो म्हणाला. "बाकी सगळी तूच केलीस. हात बघ तुझा. एकासाठी कोण काय म्हणणार आहे?"

राव्दनाने दातांतली सुरी हातात घेतली. "ऊला, सोडू नकोस म्हणून ओरडलास ते मला ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "तू गप्प राहिला असतास तरी मी दोर सोडला नसता."

ऊला तसाच उभा राहिला. पाऊस त्याच्या टोपीवरून गालांवर येत होता, आणि नुसता पाऊसच होता की आणखी काही, ते मी बघितलं नाही. मग त्याने आपली सुरी म्यानात घालायला घेतली. पहिल्यांदा म्यानाचं तोंड चुकलं, दुसऱ्यांदा गेली.

"कसं धरू?" त्याने विचारलं. हजारो पाडसं धरलेला माणूस तो.

"मान गुडघ्यांत. डोकं माझ्याकडे."

तो चिखलात बसला आणि त्याने पाडस तसंच धरलं. राव्दनाने पाडसाचा डावा कान हातात घेतला.